टायमाच्या आधी नाही

आमच्या घरमालकांनी माझ्या मुलीला तिच्या नावाने कधी हाक मारली नाही. तिचे नाव रेवा. सुटसुटीत दोन अक्षरे, पण ती त्यांच्या तोंडात काही बसली नाहीत. ते तिला 'गाडी' म्हणत. "काहून वं बाई, दहाची गाडी सुटली का?" असा आवाज जिन्याखालून आला की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "सुटली हो काका!" आणि वाटीतला शेवटचा घास रेवाच्या तोंडात कोंबायची. नवा पाहुणा घरात असला तर उठून खिडकीतून रस्त्यावर कोणती गाडी आहे ते पाहून यायचा. पाहुण्याचे काय घेऊन बसलात, त्या घरात पाच वर्षे राहून मीसुद्धा शेवटपर्यंत गोंधळलेलीच होते. हा माणूस देवमाणूस, की हट्टी म्हातारा, की नुसताच एक स्क्रू ढिला असलेला, हे मला अजून ठरवता आलेले नाही. घर सोडून आता तीन वर्षे होतील.

घर विदर्भात, प्रताप नगरात. खाली काका-काकू, वर आम्ही. काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे लाल बसगाड्या वेळेवर सोडायच्या, कोणती कोणत्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचे, उशीर करणाऱ्या ड्रायव्हरांशी भांडायचे. रिटायर होऊन बारा-तेरा वर्षे झाली होती, पण माइक काही घशातून निघाला नव्हता. साधे "जेवायला वाढ" म्हणायचे तरी ते एका विशिष्ट सुरात, शेवटचे अक्षर लांबवून म्हणत. घर बघायला गेलो तेव्हा भाड्याचे, पाण्याचे काही बोलणे व्हायच्या आत त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारले, "कळमेश्वरले कंपनीत जाता म्हणता, कितीच्या गाडीनं?" नवरा म्हणाला, मोटारसायकलने. काकांचा चेहरा पडला. घर मिळाले, पण नवरा त्यांच्या मनातून उतरला तो उतरलाच.

त्यांचा एक नियम होता. तो त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला आणि पुढे निदान दोनशे वेळा ऐकवला. "पाय वं, गाडी लेट झाली तर माफी हाय. टायर फुटते, रेल्वेचं फाटक लागते, चालते. पण टायमाच्या आधी सुटली तर माफी नाही. मागून धावत येणाऱ्यानं काय करावं?" नियम बसगाड्यांपुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. त्यांनी तो जगाला लावला होता. सातचे निमंत्रण असले आणि पावणेसातला पोचले तर दोघे नवराबायको फाटकाबाहेर पंधरा मिनिटे उभे. अक्षय्य तृतीयेच्या आधी आंब्याला हात नाही. एकदा मी भाडे दोन दिवस आधी घेऊन गेले तर म्हणाले, "एक तारखेले आण." मी पैसे घेऊन परत वर.

आणि उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादश्या, चतुर्थी. महिन्यात माणूस जेवतो तरी कधी, असा मला प्रश्न पडायचा. उपासाला आमच्याकडे सांगलीला निदान साबुदाण्याची खिचडी तरी असते. काकांचे तसे नाही. दिवसभर कोरडे, संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की एक वाटी भगर. काकू मात्र एकही उपास करत नसत. मला याचे भारी नवल वाटायचे. आमच्या घरात तर उलटा कारभार, बायका उपास करतात आणि पुरुष उपासाचे खातात. काकू मोजकेच बोलायच्या. स्वयंपाक असा की वासाने माणूस जिना उतरून खाली यावा. पण देवाच्या नैवेद्याचे ताट त्या वाढत नसत. सगळे रांधायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. ताट काका वाढत. मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "त्यायलेच जमते ते." मी ते काकांच्या विक्षिप्तपणात जमा करून टाकले.

रेवा दीड वर्षाची असताना एका रात्री सर्दीने किरकिरत काही न खाता झोपली. सकाळी उठवायला गेले तर उठेना. अंग गार, कपाळावर घाम, मान लुळी. नवऱ्याने तिला उचलले आणि मी अनवाणी जिना उतरले. काका फाटकात उभे होते. त्यांनी रिक्षा थांबवली, आम्हाला आत ढकलले. दवाखान्यात शिरेतून साखरेचे पाणी गेले तशी तासाभरात पोरगी डोळे उघडून माझ्याकडे रागाने बघायला लागली. मग तपासण्या झाल्या, रक्ताचे नमुने बाहेरगावी गेले, आणि काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितले.

त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत मला ते आजही सांगता येणार नाही. आपण जेवलो नाही की शरीर आधी जवळची साखर वापरते, आणि ती संपली की साठवलेली चरबी जाळून दिवस काढते. म्हणून उपास झेपतो. रेवाच्या शरीराला ती चरबी जाळताच येत नाही. साखर संपली की तिच्याकडे मागे काही नाही. दोष जन्मापासूनचा, अर्धा माझ्याकडून आलेला आणि अर्धा तिच्या बापाकडून. आम्हा दोघांना त्याचा पत्ताही नव्हता. औषध असे काही नाही, जेवण हेच औषध. दिवसा तीन-साडेतीन तासांच्या वर उपाशी ठेवायचे नाही. तूप, लोणी, साय, शेंगदाणे, खोबरे, तळलेले सगळे बंद. त्याऐवजी एक वेगळे तेल, मेडिकलमधून मागवून घ्यायचे, चमच्याने मोजून वरणात कालवायचे. ताप आला, उलटी झाली, खाईना झाली तर साखरपाणी द्यायचे आणि थांबायचे नाही, त्यांनी लिहून दिलेली आजाराची चिठ्ठी घेऊन सरळ दवाखाना.

माझे डोके फिरले. साऱ्या आया पोरांपासून साखर लपवतात, मी पोरीच्या मागे साखर घेऊन धावायचे. साऱ्या आया भातावर तूप घालतात, मी तुपाची बरणी माळ्यावर ठेवायची. कुणी म्हणे खोबरेल तेल चालेल, त्यातही तसलेच काहीतरी असते. कुणी म्हणे मुळीच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ऐकीव काही करू नका, मी लिहिले तेवढेच द्या. रात्र रात्र मला वाटायचे, आपण बरोबर भरवतो आहोत की चुकीचे? त्याचे उत्तर पोरगी सकाळी उठली की मिळायचे, त्याच्या आधी नाही.

खाली जाऊन मी काकांना हे सांगितले. सांगणे भागच होते. सकाळी मी शिकवण्या घेत असे तेव्हा रेवा खाली काकूंजवळ असायची. काका ऐकत होते. "उपाशी राहिली तर दगावू शकते," असे मी म्हणाले तसे ते एकदम ओरडले, "उपासानं कुठं लेकरू मरते का? काहीही सांगून राहिली! कोण म्हणते असं?" मी म्हटले, डॉक्टर म्हणतात. "डॉक्टरले काय समजते!" म्हणाले आणि आत गेले. दाराची कडी लावल्याचा आवाज आला. काकू भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे नाही, बंद दाराकडे बघत होत्या.

चार दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत. मला रागही आला आणि रडूही. ज्याचे अर्धे आयुष्य उपासात गेले त्याला हा आजार म्हणजे देवाची चेष्टा वाटत असणार, अशी मी समजूत करून घेतली. पाचव्या दिवशी सकाळी सातला जिन्यावर पावले वाजली. काका हातात पुठ्ठा घेऊन उभे. त्यावर लाल-निळ्या शाईने बसस्टँडवर असते तसे वेळापत्रक काढले होते. सातची, दहाची, एकची, चारची, सातची, आणि झोपायच्या आधीची शेवटची. पुढे रकाने: गाडी लागली, गाडी सुटली, शेरा. "हे भिंतीले लाव," म्हणाले. "एक मिनिट लेट चालणार नाही."

मी म्हटले, "काका, लेटला माफी असते ना?"

"या गाडीले नाही," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून आमचे घर बसस्टँड झाले. वेळ झाली की खालून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजायचा आणि घोषणा व्हायची, "लक्ष द्या, लक्ष द्या, एकची गाडी फलाटाले लागलेली आहेऽऽ." रेवा टुणकन उठून पाटावर बसायची. ज्या पोरीला मी तासभर मागे धावून भरवायची, ती घोषणेला अशी जेवायची की मला काकांचे पाय धरावेसे वाटायचे. दुसऱ्याच क्षणी ते काहीतरी असे करायचे की फाटकाबाहेर काढावेसे वाटायचे. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी प्लास्टिकमध्ये मढवून आणली, चार प्रती. एक आमच्या दाराशी, एक त्यांच्या, एक माझ्या पर्समध्ये आणि एक कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे. पोहेवाल्याकडे कशाला? "तो चोवीस घंटे चौकात असते," म्हणाले.

तेलाचा पदार्थ ओळखायची त्यांची एक पद्धत होती. जुन्या कॅलेंडरचा कागद फाडायचा, पदार्थ त्यावर ठेवायचा, दहा मिनिटांनी कागद उजेडात धरायचा. डाग दिसला की पदार्थ नापास. चिवडा नापास, सांबारवडी म्हणजे आपली कोथिंबीरवडी, तीही नापास, शेजारणीने 'अजिबात तेल नाही बाप्पा' म्हणून दिलेला ढोकळा नापास. मुरमुरे पास, संत्री पास. संत्र्यांच्या दिवसांत ते पिशव्या भरभरून आणत आणि सोलून, बी काढून वाटीत मांडून ठेवत. सगळे ठीक चालले होते. एक दिवस शिकवणीच्या मधेच सहज खाली डोकावले तर रेवापुढे भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. मी झडप घालून काढून घेतली. काका कागद घेऊन धावत आले. "हे पाय! डाग नाही! एक डाग नाही!" मी म्हटले, "काका, शेंगदाण्याचे तेल कशातून काढतात?" ते कागदाकडे बघत राहिले. मग खाली बसले. किती दाणे तोंडात गेले ते त्यांनी रेवाला इतक्या वेळा विचारले की तिला गंमत वाटून ती प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगायला लागली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते तिच्या पाटाशेजारी बसून होते. तिला काही झाले नाही. पण त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. थोड्याशा दाण्यांनी एवढे घाबरायचे काय कारण, मला कळेना.

तुपावरून त्यांनी गल्लीत किती भांडणे केली त्याला गणती नाही. आमच्या समाजात लेकराला तूप न देणारी आई म्हणजे सावत्रच. कुणी म्हणाले, "तुपाबिगर मेंदू कसा वाढंल वं पोट्टीचा?" की मी कसनुशी हसायची. काका मात्र तिथल्या तिथे घोषणेच्या आवाजात सांगायचे, "तुमचा वाढला का तूप खाऊन?"

आणि मधूनच ते मला विचित्र प्रश्न विचारायचे. भाजी निवडत बसले असताना, पाण्याची मोटर बंद करताना, काही संबंध नसताना. "त्या दिवशी सकाळी तिचं अंग थंड होतं का गरम?" "घाम येते का अशा टायमाले?" "झोपल्यावानी दिसते का? म्हणजे पाहणाऱ्याले वाटंल, लेकरू झोपलं?" एकदा तर, "हे आईबापाकडून येते म्हणते ना डॉक्टरीण, मंग आईबाप धडधाकट असले तरी येते?" मी म्हटले, आम्ही दोघे धडधाकटच आहोत की. "हाव," म्हणाले, "धडधाकटच होतो." मला वाटले, म्हातारपण, बोलताना क्रियापदे चुकतात.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्या सांगलीला गौरी म्हणतात, विदर्भात महालक्ष्म्या. आमच्याकडे सण, इथे मोठा सोहळा. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला काकांकडे चाळीस माणसे. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरण, वडे. आणि देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कुणाच्या, अगदी पाळण्यातल्या पोराच्याही तोंडात कण जाणार नाही, अशी तिथली रीत. मी आधीच विचारले होते. काका म्हणाले, "सातची, दहाची वर तुह्या घरून सुटन. नैवेद्य साडेबाराले. तुह्या गाडीचा टाइम एकचा. काही प्रॉब्लेम नाही." तरी मी तिचा डबा वर भरून ठेवला होता.

त्या दिवशी नेमके पुरण पातळ झाले. ते पुन्हा आटवायला ठेवले, तेवढ्यात वडे राहिलेले, मग मावळणीला यायला उशीर. मावळण म्हणजे काकांची धाकटी बहीण, तिच्याशिवाय आरती होत नसे. मी पदर खोचून स्वयंपाकात. मला वाटले, नवऱ्याने रेवाला वर नेऊन डबा भरवला. नवऱ्याला वाटले, मी भरवले. घरात चाळीस माणसे, त्यामुळे ताटली वाजली नव्हती. काका सोवळ्यात देवीपुढे बसले होते.

दोन वाजायला आले असतील. काकांचे लक्ष घड्याळाकडे गेले आणि त्यांनी तिथूनच हाक मारली, "बाई, एकची सुटली ना?" मी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. रेवा कोपऱ्यात कुणाच्या तरी मांडीवर डोके ठेवून होती. मी तिला हलवले तर "ऊं" म्हणून मान फिरवली. कपाळ ओलसर लागले. मी जिन्याकडे धावले. चावी सापडेना, कुलूप उघडेना, डब्याचे झाकण निघेना. डबा घेऊन खाली आले तर सगळे घर चिडीचूप उभे.

काका सोवळे नेसून जमिनीवर बसले होते, मांडीवर रेवा. समोर देवीचे नैवेद्याचे ताट. त्यावर तूप वाढायचे तेवढे राहिले होते. त्या ताटातला भात त्यांनी वरणाशी कालवला होता आणि ते रेवाला भरवत होते. मधे मधे पुरणाची बोटे चाटवत होते. देवीच्या आधी, देवीच्याच ताटातून, सगळ्यांच्या देखत. ज्याने एक तारखेचे भाडे एकोणतीसला घेतले नाही त्या माणसाने. "खा वं माय," म्हणत होते, "खा. गाडी सोडली. सोडली गाडी." रेवाने दोन घास गिळले, तिसरा मागितला, चौथ्याला डोळे नीट उघडले.

तेव्हा काकू बोलल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ. आवाज चढवला नाही.

"मी तवा एकच घास देऊन राहिली होती. तुमी माहा हात धरला होता."

काका भरवायचे थांबले नाहीत. मान खाली घालून भरवत राहिले. पण आता भात रेवाच्या फ्रॉकवर सांडत होता. मी पुढे होऊन रेवाला घेतले आणि उरलेले घास भरवले. मग कुणीतरी आत गेले, दुसरे ताट आले. काकांनी हात धुऊन ते वाढले, आरती झाली, माणसे जेवली. काय झाले हे मला कळलेच नव्हते.

कळले ते संध्याकाळी, भांडी घासताना. मावळणीने सांगितले. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. काका-काकूंना मुलगा होता, अडीच वर्षांचा. महालक्ष्म्यांचाच दिवस, त्याला आदल्या दिवसापासून ताप. नैवेद्याला उशीर झाला. पोरगा रडून रडून गप्प झाला तेव्हा काकूंनी ताटातला घास उचलला. काकांनी त्यांचे मनगट धरले. "टायमाच्या आधी नाही," म्हणाले. पोरगा चटईवर झोपला. सगळ्यांना वाटले, बरे झाले, झोपला. दिवेलागणीला उठवायला गेले तर उठला नाही.

"मंग?" मी विचारले. माझ्या तोंडूनही तिथलीच भाषा निघाली.

"मंग काय. लोक म्हणाले, हिनं नैवेद्याले हात लावला म्हणून देवी कोपली. सासूनं तर मरेपर्यंत ऐकवलं. तवापासून वहिनी ताट वाढत नाही. आन दादाचे उपास तवापासूनचे. त्याच्या आधी तो एकादशीही धरत नव्हता."

मी ओल्या हातांनी तशीच बसून राहिले. अंग थंड होते का, घाम येतो का, झोपल्यासारखे दिसते का. दोन वर्षे हा माणूस मला विचारत होता आणि मी त्याला म्हातारचळ समजत होते. माझी मलाच लाज वाटली.

दोन दिवसांनी काका वर आले. घोषणा नाही, ताटली नाही. दारातच उभे राहिले. "तुह्या डॉक्टरीणबाईले एक विचारशील का?" मी म्हटले, विचारते. काय विचारायचे ते त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही.

डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, आता सांगता येणार नाही. असू शकते, नसूही शकते. तापाने मुले दगावायची कितीतरी कारणे असतात, आणि तेव्हाचे तपासायला आज हाती काही नाही. मी परत येताना रिक्षात बसून विचार करत राहिले आणि जितका केला तितकी गुंतत गेले. तोच आजार होता म्हणावे, तर चाळीस वर्षांचा काकूंवरचा ठपका पुसला जातो. पण मग तो घास हेच औषध होते आणि ते अडवणारा हात काकांचा. नव्हता म्हणावे, तर काका सुटतात, आणि काकू तिथेच दारात हाताला पीठ लावून उभ्या राहतात. कुणाला सोडवायचे? आणि मी कोण सोडवणारी? दोन वेळच्या वरणात किती चमचे तेल, हेसुद्धा मला कागदावर पाहावे लागत होते.

खाली दोघेही बसले होते. काका म्हणाले, "हाव का नाही, एवढंच सांग."

मी म्हटले, "नक्की सांगता येत नाही म्हणाल्या. पण त्या म्हणाल्या, आजारी, भुकेल्या लेकराला घास देणाऱ्या आईची चूक नसते."

हे दुसरे वाक्य डॉक्टरबाई म्हणाल्या नव्हत्या. ते माझे होते. मी ते का घुसडले, मला तो अधिकार होता का, एका म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर मी धोंडा ठेवला की काय, या प्रश्नांचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. काका म्हणाले, "बरोबर म्हणे बाई." काकू उठून चहा टाकायला आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर काही बदलले का? मला तरी दिसले नाही. ताटली वाजत राहिली. सोमवार, गुरुवार, शनिवार चालूच. दोघे पूर्वीइतकेच कमी बोलत. मी रोज खाली जाताना त्यांच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले दिसते का पाहायची आणि काहीच न कळून परत यायची.

पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्या हा त्या घरातला आमचा शेवटचा सण. तीच माणसे, तोच पुरणाचा वास. या खेपेला मी डबा कमरेलाच बांधल्यासारखी वावरत होते. साडेबारा वाजून गेले, नैवेद्याला अजून अवकाश होता. काका सोवळ्यात उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"इकडे ये वं," काकूंना म्हणाले. "ताट तू वाढ."

काकू जागच्या हलल्या नाहीत. मावळण काहीतरी बोलायला गेली, काकांनी तिला हातानेच गप्प केले. शेवटी काकू पुढे आल्या. भात, वरण, भाज्या, पुरण. सगळे जागच्या जागी वाढले, चाळीस वर्षे रोज वाढत असल्यासारखे. तूप तेवढे ठेवले. काकांनी रेवाला आणून पाटावर बसवले. काकूंनी घास कालवला, हात उचलला आणि थांबल्या. घड्याळाकडे पाहिले.

"एकले वीस मिनिटं हायेत अजून," म्हणाल्या.

"असू दे," काका म्हणाले. "टायमाच्या आधी सोड."

काकूंनी तरी हात पुढे नेला नाही. त्या काकांच्या हातांकडे बघत होत्या. मीही तिकडे पाहिले. काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि डाव्या हाताने उजव्याचे मनगट घट्ट धरून ठेवले होते.